लाईट गेली आणि क्रिटाची फाईल उघडेना : बॅकअपमधून चित्र परत कसं आणायचं

वळीव सुरू झाला की माझा फोन वाजायला लागतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर आभाळ भरून येतं, वारं सुटतं, लाईट दोन-तीनदा लुकलुकते आणि जाते. अर्ध्या तासानं कुणीतरी म्हणतं, "ताई, फाईल उघडंना झालीय." गणपतीच्या आधी पुन्हा तेच. तेव्हा पाऊसही असतो आणि प्रत्येकाच्या हातात मंडळाचं काम असतं. दरवर्षी तीच अडचण येते, आणि एव्हाना माझी खात्री झालीय की निम्मी चित्रं फाईल बिघडताना जात नाहीत. ती त्यानंतरच्या दहा मिनिटांच्या धावपळीत जातात.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहते. मंडळांचे बॅकड्रॉप, पत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं असं काम करते, आणि सगळं क्रिटा या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळं खालचं सगळं क्रिटाबद्दल आहे. एक-दोन गोष्टी दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही लागू पडतात, त्या ओघात येतील.

पहिल्यांदा कंट्रोल-एस वरचा हात काढा

फाईल उघडत नाही, किंवा उघडते पण निम्म्या लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, रिकाम्या दिसतात. अशा वेळी क्रिटा तसंच बंद करा. "सेव्ह करायचं का?" विचारलं तर नाही म्हणा.

याचं कारण असं. तुम्ही सेव्ह करता तेव्हा क्रिटा आधीची फाईल पुसून टाकत नाही, तिची एक प्रत बाजूला ठेवतं. नाव तेच, फक्त शेवटी एक नागमोडी रेघ लागते. क्रिटाच्या फाईलच्या नावाला शेवटी 'केआरए' लागतं, म्हणजे 'संध्यामठ.केआरए' च्या शेजारी 'संध्यामठ.केआरए~' अशी दुसरी फाईल असते. ही सोय मुळातच चालू असते, आपल्याला काही करावं लागत नाही. पण सेटिंग बदललेलं नसेल तर अशी प्रत एकच राहते. पुढच्या सेव्हला ती जाते आणि तिच्या जागी आत्ताची फाईल येते. आता आत्ताची फाईल बिघडलेली असेल आणि तुम्ही "एकदा सेव्ह करून बघू या" म्हणून बटण दाबलंत, तर त्या नागमोडी फाईलमध्ये बिघडलेलं चित्र जाऊन बसतं आणि चांगलं चित्र कायमचं पुसलं जातं.

हे मी स्वतः करून बसलेय. शिवाजी पेठेतल्या एका मंडळासाठी रंकाळ्यातल्या संध्यामठाचा बॅकड्रॉप करत होते. पाणी उतरल्यावर मठाचे दगडी खांब अर्धे वर येतात आणि त्यांची पडछाया पाण्यात हलते, ते दृश्य. त्या पडछायेच्या तीन लेअर होत्या, आणि दोन रात्री त्यातच गेल्या होत्या. सेव्ह चालू असताना लाईट गेली. परत आल्यावर फाईल उघडली, पण पडछाया नव्हती. मला वाटलं स्क्रीननं नीट घेतलं नाही. म्हणून सेव्ह केलं, बंद केलं, उघडलं, पुन्हा सेव्ह केलं. पहिल्या सेव्हच्या आधी चांगली प्रत त्याच फोल्डरमध्ये होती. ते मला चार दिवसांनी कळलं. पडछाया पुन्हा रंगवली, पण ती पहिल्यासारखी झाली नाही.

तेव्हापासूनचा क्रम ठरलेला आहे. क्रिटा बंद. एक नवीन फोल्डर करायचं, शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हवर. त्या चित्राच्या नावाच्या जितक्या फाईली सापडतील तितक्या त्यात कॉपी करायच्या, हलवायच्या नाहीत. पुढचं सगळं त्या प्रतींवर करायचं. मूळ फाईलला चित्र परत मिळेपर्यंत हात लावायचा नाही.

कुठली फाईल कुठं असते

फोल्डर 'डिटेल्स' स्वरूपात लावा म्हणजे तारीख, वेळ आणि आकार एका ओळीत दिसतील. विंडोजवर व्ह्यू मेनूतून फाईलच्या नावाचं शेपूट आणि लपलेल्या फाईली दोन्ही दिसतील असं करून घ्या. नाहीतर नागमोडी फाईल तुमच्या डोळ्यांसमोर असून ओळखू येत नाही. तिच्यावर क्रिटाचं चिन्ह नसतं, विंडोजला ती कसली फाईल आहे हे कळत नाही, आणि म्हणून बरेचजण ती कचरा समजून उडवतात.

दुसरी शोधायची ती ऑटोसेव्हची फाईल. नव्या क्रिटामध्ये दर ७ मिनिटांनी ऑटोसेव्ह होतं, आणि ते तुमच्या मूळ फाईलवर होत नाही. वेगळी फाईल तयार होते. तिचं नाव टिंबानं सुरू होतं आणि मधे 'ऑटोसेव्ह' हा शब्द असतो. चित्राला आधी नाव दिलं असेल तर ती त्याच फोल्डरमध्ये असते. नावच दिलं नसेल तर विंडोजवर टेम्प फोल्डरमध्ये आणि लिनक्सवर तुमच्या होम फोल्डरमध्ये. लिनक्सवर टिंबानं सुरू होणारी फाईल लपलेली असते, कंट्रोल-एच दाबलं की दिसते. सेव्ह व्यवस्थित पूर्ण झालं की क्रिटा ही फाईल काढून टाकतं. त्यामुळं ती जागेवर सापडली तर ती चांगली खूण आहे.

इथं एक खिडकी येते, तिच्यापाशी फार जणांचं काम गेलंय. लाईट आल्यावर क्रिटा उघडलं की ते विचारतं, या ऑटोसेव्ह फाईली परत आणायच्या का? समोर यादी असते आणि प्रत्येकापुढं खूण. खूण असलेल्या फाईली उघडतात. खूण काढून ओके म्हणालात तर त्या टाकून दिल्या जातात. गोंधळ वाटत असेल तर कॅन्सल करा. कॅन्सल केलं तर सगळ्या फाईली आहेत तिथं राहतात. नाव दिलेली फाईल उघडतानाही असाच प्रश्न येतो, ऑटोसेव्ह उघडायची की टाकून देऊन मूळ उघडायची. तिथंही घाईनं टाकून द्यायला सांगू नका. आधी ती टिंबवाली फाईल आपल्या नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, मग हवं ते उत्तर द्या.

आता प्रतींपैकी नागमोडी फाईल घ्या, शेवटची रेघ काढून 'संध्यामठ-जुनी.केआरए' असं नाव द्या आणि क्रिटात उघडा. दहापैकी बऱ्याच वेळा काम इथंच संपतं. शेवटच्या सेव्हच्या आधीच्या सेव्हपर्यंतचं चित्र मिळतं. ऑटोसेव्हची फाईलही उघडून बघा आणि दोन्हींतली नवी कोणती ते ठरवा. मिळालेलं चित्र लगेच वेगळ्या नावानं सेव्ह करा, जुन्या नावानं अजिबात नको.

नागमोडी फाईल त्या फोल्डरमध्ये नसेल तर सेटिंग्जमधून कॉन्फिगर क्रिटा, तिथं जनरल, तिथं फाईल हँडलिंग असं जा. बॅकअप कुठं ठेवायचा हे तिथं लिहिलेलं असतं. कुणी मशीन सेट करून देताना ती जागा बदललेली असू शकते.

बॅकअपही नाही, किंवा फार जुना आहे

मग बिघडलेल्या फाईलकडंच वळायचं. आधी ती कशी बिघडलीय ते बघा, कारण त्यावरून पुढं वेळ घालवायचा की नाही हे कळतं.

आकार शून्य असेल तर त्या फाईलमध्ये काही नाही. आकार बरोबर दिसतो, ४८० एमबीच्या जागी ४८० एमबीच आहे, तरी उघडत नाही, असं असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा. मोठी फाईल असली तर वेळ लागतो, लागू द्या. चांगल्या केआरए फाईलची पहिली दोन अक्षरं 'पीके' अशी इंग्रजी कॅपिटलमध्ये दिसतात. हे झिप, म्हणजे अनेक फाईली एकात दाबून बांधायची पद्धत, बनवणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची आद्याक्षरं; केआरए आतून झिपच असते. पुढं काही चिन्हांनंतर त्याच ओळीत 'माइमटाइप' आणि 'अ‍ॅप्लिकेशन' हे शब्द वाचता येतात, त्याला लागून क्रिटाचं नाव. मग गिचमिड सुरू होते. ती गिचमिड म्हणजे तुमचं चित्र. ती दिसली की मला धीर येतो.

ओळच्या ओळ कोरी दिसली, खाली कितीही गेलं तरी कोरीच, तर ती फाईल शून्यांनी भरलेली आहे. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर लाईट गेल्यावर असं होतं. फाईलचं नाव आणि आकार यांची नोंद डिस्कच्या नोंदवहीत होते, पण आतला मजकूर मेमरीतून डिस्कवर उतरायच्या आधीच वीज तुटते. अशा फाईलमधून कुठलंही सॉफ्टवेअर काही काढू शकत नाही. फाईल रिपेअर करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यालाही ते जमणार नाही, कारण आत चित्रच नाही. हे ऐकताना समोरच्याचा चेहरा उतरतो, मला माहीत आहे. पण त्यावर दोन दिवस घालवण्यापेक्षा ते दोन दिवस ऑटोसेव्ह आणि गूगल ड्राइव्हवरची जुनी प्रत शोधण्यात घालवा.

'पीके' दिसलं तर मात्र काम करण्यासारखं आहे.

केआरए फाईल म्हणजे खरं तर झिप फाईल. आत वेगवेगळ्या वस्तू असतात. 'मेनडॉक' नावाची एक एक्सएमएल फाईल, तिच्यात कॅनव्हासचा आकार आणि लेअरची यादी, प्रत्येक लेअरचं नाव, अपारदर्शकता, ब्लेंडिंग मोड (तिचा रंग खालच्या रंगात कसा मिसळायचा ते). 'प्रिव्ह्यू' नावाचं अंगठ्याएवढं चित्र. एका फोल्डरमध्ये 'लेअर२', 'लेअर३' अशा नावांच्या फाईली, त्यात प्रत्यक्ष रंग. आणि 'मर्ज्डइमेज' नावाची पीएनजी, म्हणजे सगळ्या लेअर एकत्र करून पूर्ण आकारात काढलेलं चित्र.

झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते. लिहिता लिहिता लाईट गेली की शेवट लिहायचा राहून जातो, म्हणजे अनुक्रमणिकाच नसते, आणि क्रिटा म्हणतं फाईल उघडता येत नाही. पण आतल्या प्रत्येक वस्तूच्या आधी तिची स्वतःची छोटी चिठ्ठीही असते. ती चिठ्ठी वाचत वाचत वस्तू बाहेर काढता येतात. सेव्हन-झिप नावाचं फुकट सॉफ्टवेअर विंडोजवर हे बऱ्यापैकी करतं. फाईलवर उजवं क्लिक करून त्यात उघडा. शेवटी तक्रार येईल की डेटा मधेच संपला, ती येऊ द्या, जितकं दिसतंय तितकं बाहेर काढा. लिनक्स आणि मॅकवर टर्मिनलमध्ये झिप ही आज्ञा असते. तिला वजा चिन्हापुढं दोन कॅपिटल एफ, मग बिघडलेल्या फाईलचं नाव, मग दोन वजा चिन्हांपुढं आउट आणि नव्या फाईलचं नाव दिलं की ती चिठ्ठ्यांवरून नवी अनुक्रमणिका बांधून दुसरी फाईल तयार करते. मूळ फाईल तशीच राहते, म्हणून मला ही पद्धत जास्त आवडते.

अशी बांधलेली फाईल क्रिटात उघडून बघा. ज्या लेअर लिहून झाल्या होत्या त्या येतील, बाकीच्या रिकाम्या येतील किंवा क्रिटा इशारा देईल. मग नागमोडी फाईल शेजारी उघडा. रिकाम्या लेअर तिच्यातून कॉपी करून इकडं पेस्ट करा. अर्धं चित्र नव्या फाईलमधून, अर्धं जुन्यातून. मंडळाच्या बॅकड्रॉपला एवढं बहुधा पुरतं, कारण शेवटच्या सेव्हमध्ये आपण दोन-तीन लेअरवरच काम केलेलं असतं.

मेनडॉकच बिघडला असेल तर

हे कमी वेळा होतं, कारण तो सुरुवातीला लिहिला जातो. पण पेन ड्राइव्हवर थेट काम करणाऱ्यांच्या फाईली कुठूनही फाटतात. रंग आहेत, पण कुठली लेअर कुठं बसते हे सांगणारी यादी नाही, अशी अवस्था.

अशा वेळी नागमोडी फाईलमधला मेनडॉक काढून इकडं बसवता येतो. माझ्या भाचीचं एक चित्र असंच वाचवलं. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्या होत्या, वर गुलालाची लाट. तिच्या फाईलमधून लेअर२ पासून लेअर२३ पर्यंतच्या फाईली निघाल्या, मेनडॉक मात्र शून्य आकाराचा. आदल्या दिवशीच्या प्रतीत मेनडॉक होता, पण त्यात लेअर एकवीस. हे आकडे क्रिटा दर सेव्हला नव्यानं देतं, यादीच्या क्रमानं. मधे एखादी नवी लेअर घातली की पुढच्या सगळ्यांचे आकडे एकानं सरकतात. जुना मेनडॉक तसाच बसवला असता तर गुलालाचे रंग काठीच्या नावाखाली आले असते, आणि गुलालाचा ब्लेंडिंग मोड भलत्याच लेअरला लागला असता.

मग आम्ही मेनडॉक साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडला. प्रत्येक लेअरची एक ओळ असते, तीत तुम्ही दिलेलं नाव आणि शेजारी 'लेअर१४' असं फाईलचं नाव. भाची कागदावर लिहीत गेली, 'काठी मागची', 'काठी मधली', 'गुलाल खालचा'. नवी लेअर तिनं 'गुलाल उडता' या नावानं घातली होती, मधल्या काठीच्या वर. तेवढ्या ओळीनंतरचे आकडे एक-एकानं वाढवले, नव्या लेअरसाठी शेजारच्या ओळीची नक्कल करून एक ओळ घातली. नावं आपण नीट दिलेली असली तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. 'पेंट लेअर ७', 'पेंट लेअर ७ कॉपी' अशी असली तर रात्र जाते. तिनं नावं दिली होती.

लेअरची फाईल आतून कशी दिसते हे बघायचं असेल तर तीही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. वरच्या काही ओळी वाचता येतात. टाइलची रुंदी ६४, उंची ६४, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. म्हणजे क्रिटा कॅनव्हासचे ६४ बाय ६४ चे चौकोन पाडून, जिथं रंग आहे तेवढेच चौकोन दाबून ठेवतं. या ओळी दिसल्या तर लेअर निदान सुरुवातीपासून तरी शाबूत आहे. ती थेट चित्र म्हणून मात्र उघडत नाही, तिला मेनडॉक लागतोच.

पुन्हा झिप करताना एक चूक हमखास होते. बाहेर काढलेलं फोल्डर निवडून झिप केलं की सगळं एक पायरी खोल जातं आणि क्रिटाला मेनडॉक सापडत नाही. त्यापेक्षा चांगल्या नागमोडी फाईलची एक प्रत घ्या, ती सेव्हन-झिपमध्ये उघडा आणि बदललेल्या फाईली तिच्यात ओढून टाका, जुन्याच्या जागी. बाहेरची रचना जशीच्या तशी राहते.

यातलं काहीच जमलं नाही, पण मर्ज्डइमेज निघाली, तर निदान पूर्ण आकाराचं चित्र हातात येतं. लेअर नसतात, पण फ्लेक्सवाल्याला लेअर लागत नाहीत. उद्या सकाळी छपाईला द्यायचं असेल तर आधी तेवढंच द्या, लेअरचं नंतर बघा. अर्धवट फाईलमध्ये ती बऱ्याचदा नसते, कारण ती शेवटाकडं लिहिली जाते. प्रिव्ह्यू मात्र बहुधा असतो. तो छपाईच्या कामाचा नाही, पण पुन्हा रंगवायची वेळ आलीच तर रंगसंगती समोर ठेवायला उपयोगी पडतो.

आयपॅडवरच्या प्रोक्रिएटची फाईलही आतून झिपच असते, म्हणून वरची झिपची युक्ती तिथंही करून बघता येते. फोटोशॉपची पीएसडी तशी नसते. तिथं ऑटो-रिकव्हरीवरच भिस्त ठेवावी लागते, ती मुळात दर १० मिनिटांवर असते.

कामाचं फोल्डर गूगल ड्राइव्हवर जात असेल तर तिथंही बघा. बिघडलेली फाईलसुद्धा इमानानं वर चढलेली असेल, पण जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. वेबवर ड्राइव्ह उघडून त्या फाईलच्या माहितीत 'मॅनेज व्हर्जन्स' मध्ये त्या मिळतात. आणि डिलीट झालेली फाईल परत आणणारी सॉफ्टवेअर एसएसडीवर फारशी चालत नाहीत, कारण एसएसडी मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करत जाते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आशा असते, तीही त्या डिस्कवर नवीन काही लिहिलं नसेल तर.

हे पुन्हा पुन्हा का होतं

माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या घरांत इन्व्हर्टर असतो. तरी लाईट गेली की कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि लोकांना वाटतं इन्व्हर्टर खराब आहे. जाऊन बघावं तर इन्व्हर्टरवर एक छोटं बटण असतं, एका बाजूला नॉर्मल आणि एका बाजूला यूपीएस. ते नॉर्मलवर असतं. पंखा आणि ट्यूबलाईटसाठी नॉर्मल ठीक आहे, तिथं क्षणभर वीज तुटली तरी कळत नाही. कॉम्प्युटरला तेवढा क्षण पुरतो. बटण यूपीएसवर करा आणि मुख्य स्विच बंद करून स्वतः तपासा, अर्थात कुठलंही काम उघडं नसताना. तरीही मशीन बंद पडलं तर कॉम्प्युटरपुरता वेगळा छोटा यूपीएस घ्या. त्यावर प्रिंटर लावू नका. लॅपटॉपवाल्यांनी बॅटरी मेलेली असताना फक्त चार्जरवर लॅपटॉप चालवणं म्हणजे बिनबॅटरीचा डेस्कटॉपच.

आता मोठ्या चित्रांचं बघा. मंडळाचा बॅकड्रॉप २० फूट बाय १२ फूट, ७२ डीपीआयवर (दर इंचाला ७२ ठिपके) केला तर कॅनव्हास होतो १७,२८० बाय १०,३६८ पिक्सेल. एक पूर्ण भरलेली लेअर मेमरीत ७०० एमबीच्या वर जाते. अशा दहा लेअर असल्या की सेव्हला मिनिटं लागतात, आणि लाईट जायला तीच मिनिटं गाठ पडतात. एवढ्या मोठ्या फ्लेक्ससमोर माणूस दहा-पंधरा फुटांवर उभा असतो, म्हणून मी रंगवताना निम्म्या मापावर रंगवते, ८,६४० बाय ५,१८४ वर. लेअर चौथाई होते, सेव्ह पटकन होतं, छापताना मोठं केलं तरी फरक दिसत नाही. फक्त अक्षरं आणि बारीक रेघा मोठ्या मापावर वेगळ्या करते. फाईल हँडलिंगमध्ये केआरए जास्त दाबून ठेवायचा एक पर्याय आहे, तोही मोठ्या चित्रांना बंद ठेवा. तो चालू असला की जागा वाचते, पण सेव्ह लांबतं.

क्रिटा हल्ली सेव्ह मागच्या मागं करतं. बटण दाबलं की लगेच रंगवता येतं, त्यामुळं काम झालं असं वाटतं. खालच्या पट्टीत सेव्ह अजून चालू असतं. तेवढ्यात मशीन बंद केलं किंवा पेन ड्राइव्ह काढला की फाईल फाटली.

पेन ड्राइव्हबद्दल एकच सांगते. त्यावरून थेट काम करू नका. छपाईच्या दुकानात गर्दी असते, मागचा माणूस घाई करत असतो, कुणीतरी ड्राइव्ह उपसून हातात देतं. दुकानात केआरए न्यायचीच नाही. पीएनजी किंवा टीआयएफएफ काढून न्यायची, मूळ फाईल घरी.

आणि डिस्क भरलेली नाही ना ते बघा. फाईल ५०० एमबीची आहे आणि डी ड्राइव्हवर ३०० एमबी शिल्लक आहेत, तर लाईट असली तरी सेव्ह अर्धवट राहणार, कारण सेव्ह करताना जुनी प्रत आणि नवी फाईल दोन्हींना जागा लागते. सी ड्राइव्हवरही मोकळी जागा हवी, क्रिटाची स्वॅप फाईल, म्हणजे मेमरीत न मावलेलं काम तात्पुरतं ठेवायची फाईल, तिथं वाढत असते.

मी काय बदललं

बॅकअपच्या प्रती एकाऐवजी पाच केल्या, तिथंच, फाईल हँडलिंगमध्ये. म्हणजे घाबरून दोनदा चुकीचं सेव्ह केलं तरी चांगली प्रत मागं राहते. ऑटोसेव्ह ७ वरून ५ मिनिटांवर आणलं. अगदी दोन मिनिटांवर आणू नका, मोठ्या चित्रात ब्रश अडखळायला लागतो.

यापेक्षा मोठा फरक पडला तो कंट्रोल-ऑल्ट-एस मुळं. फाईल मेनूत त्याला सेव्ह इन्क्रिमेंटल व्हर्जन म्हणतात. दरवेळी नावापुढं नवा आकडा लागून नवीन फाईल होते आणि आधीची जशीच्या तशी राहते. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एकदा आणि काही मोठं बदलायच्या आधी एकदा दाबते. जागा खाते हे खरं. काम छापून झालं की मधल्या आवृत्त्या उडवते, पहिली, शेवटची आणि मधली एक ठेवते.

एक प्रत घराबाहेर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, दुधाळी, दसरा चौक या भागांत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या स्टुडिओत मुख्य डिस्क आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली असलेल्या माझ्या ओळखीच्या एका चित्रकाराची दोन्ही गेली. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याचा आकडा आपण रोज बघतोच. तो ३९ कडं सरकला की मी बाहेरची हार्ड डिस्क पिशवीत घालून राजारामपुरीत मावशीकडं दुसऱ्या मजल्यावर ठेवून येते.

या गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले. मंडळाचा बॅकड्रॉप करताना मला नेहमी वाटतं की हे त्याच कामाचं पुढचं पान आहे, आणि म्हणून ते कुणाचंही एका लुकलुकत्या दिव्यापायी जाऊ नये असं मनापासून वाटतं.

चित्र परत मिळाल्यावर लगेच प्रतींचं फोल्डर उडवू नका. प्रत्येक लेअर एकेक करून दाखवा-लपवा, मोठं करून कडा बघा. हरवलेले टाइल चौकोनी छिद्रासारखे दिसतात, ६४ पिक्सेलचे, आणि गडद भागात पटकन लक्षात येत नाहीत. म्हणून सर्वांत खाली भडक गुलाबी रंगाची एक लेअर तात्पुरती टाका. गुलाबी चौकोन दिसला की तिथं रंग गेलाय. ब्लेंडिंग मोड आणि मास्क जागेवर आहेत का ते बघा. मग नव्या नावानं सेव्ह करा, क्रिटा बंद करा, मशीन रीस्टार्ट करा आणि तीच फाईल पुन्हा उघडा. उघडली की गुलाबी लेअर काढा आणि कंट्रोल-ऑल्ट-एस दाबा. ते फोल्डर मी बॅकड्रॉप मंडपात लागेपर्यंत तसंच ठेवते.